पुलगावचा ‘स्वदेशी’ चित्रपट

नाशिकहून आम्ही उभयता या खेपेस तीर्थयात्रेला निघालो नव्हतो, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण माझे वाचक मला देवळांच्या पायऱ्यांवर भेटायला सरावले आहेत. आम्ही वर्धा जिल्ह्यात गेलो ते एक जुना स्वीडिश चित्रपट पाहण्यासाठी. पन्नास वर्षांपूर्वी याच चित्रपटाच्या मध्यावरून मी माझ्या पत्नीला, सुमतीला, हाताला धरून बाहेर काढले होते.

निमित्त तिच्या डोळ्यांचे. काचबिंदूने तिची दृष्टी कडांकडून मिटत चालली आहे. आहे ती नजर जपा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. परतताना रिक्षात मी विचारले, “काय पाहायचे राहिले? रामेश्वर? बदरीनाथ?” ती शांतपणे म्हणाली, “त्या नाववालीचं पुढं काय झालं, ते पाहायचं राहिलं.”

इतकी वर्षे तो प्रश्न तिने मनात ठेवला होता, आणि मला त्याचा सुगावाही नव्हता. चौकशी केली तेव्हा वर्ध्याच्या बोरगाव मेघे भागातील गजाननराव या निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता लागला. ते दरमहा आपल्या घराच्या माडीवर जुने विदेशी चित्रपट दाखवतात. मी कथानक कळवले. त्यांनी दोन महिन्यांत तो चित्रपट शोधून काढला.

सकाळी पुलगावला उतरलो. (सर्व गाड्या येथे थांबत नाहीत, आरक्षणापूर्वी थांबा पाहून घ्यावा.) सुमतीचे माहेर याच जिल्ह्यातील हिंगणीचे. बडनेरा मागे पडताच तिची भाषा बदलली. “खिडकी उघडा ना जी, मले कपाशी पाहू द्या.” स्थानकाबाहेर तर्री-पोहे खाल्ले, पोटाचा विचार असणाऱ्यांनी तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वेगळी मागावी.

मी येथे संस्कृत शिकवत होतो, त्या काळचे चित्रपटगृह आता धान्याचे गोदाम झाले आहे. समोर त्या चित्रपटाचा फलक रंगवणाऱ्या शंकर पेंटरांचे दुकान मात्र आहे. काम मुलगा पाहतो. शंकरराव खुर्चीत बसून चुका काढतात.

“गुरुजी! मले वाटलं, तुम्ही अजून रागावलेले असान.”

“शंकरराव, खरे सांगा, तो फलक मुद्दाम तसा रंगवला होता का?”

“नाई जी! मॅनेजरनं चिठ्ठीवर ‘स्वीडिश चित्रपट’ लिहून देल्लं. मले वाटलं, याले शुद्धलेखन येत नाई. आपल्या वर्ध्याकडे असा शब्द कोठी असते? म्हणून म्याच सुधारून ‘स्वदेशी’ केलं.”

त्या सुधारणेचा परिणाम असा झाला, की पहिल्या खेळाला अर्धे सभागृह खादीचे होते. चरखा चालवणारी वृद्ध मंडळी सहकुटुंब आली होती. मीही नवपरिणीत पत्नीसह धोतर नेसून गेलो होतो. पडद्यावर एक तरुण विधवा सरोवरात नाव वल्हवत होती आणि नाव दुरुस्त करणारा सुतार तिच्यावर अनुरक्त झाला होता. दोघे पाण्यात उतरली, तेव्हा यंत्रचालकाने भिंगापुढे तळहात धरला, मागून शिट्ट्या सुरू झाल्या आणि मी उठलो. दुसऱ्या दिवशी देवळातील प्रवचनात त्या चित्रपटाचा असा समाचार घेतला, की दोन दिवसांत तो उतरला.

“तुम्ही पिच्चर उतरवला,” शंकरराव म्हणाले, “अन् मले लोकं ‘स्वदेशी पेंटर’ म्हणत राह्यले. अजून म्हणतात.”

सुमती इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग ती म्हणाली, “मले तर तेव्हाच पाहाचा होता.” मला ठसका लागला; मी पोह्यांच्या तर्रीवर खापर फोडून पाणी मागवले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गजाननरावांच्या माडीवर पडदे ओढले गेले. पंधरा-सोळा प्रेक्षक, बहुतेक महाविद्यालयीन मुले-मुली. गजाननरावांनी थोडक्यात सांगितले: त्या काळी स्वीडनच्या दिग्दर्शकांनी देहाला उन्हाइतकेच, पाण्याइतकेच सहज दाखवले, देशोदेशीच्या सेन्सॉर मंडळांनी कात्र्या चालवल्या, पुढे व्यापाऱ्यांनी त्याच कीर्तीवर नुसती अंगप्रदर्शने विकली, आणि आरंभीच्या चित्रपटांतील सात्त्विकता विस्मृतीत गेली. ‘सात्त्विकता’ हा शब्द ऐकून मी सावरून बसलो.

अडचण वेगळीच उद्भवली. संवादांचे भाषांतर पडद्याच्या तळाशी इंग्रजीत, बारीक अक्षरांत होते. सुमतीला ते दिसेना. मी तिच्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. मागून एक मुलगी म्हणाली, “आजोबा, जोरात सांगा ना जी, आमाले बी समजन.” अशा रीतीने आयुष्यभर पुराणे सांगणाऱ्या जिभेने एका स्वीडिश विधवेचे प्रेम निरूपण करायला घेतले.

मग ते सरोवर आले. या वेळी भिंगापुढे कोणाचा तळहात नव्हता. संवाद थांबले. सुमतीने माझी बाही ओढली. “पाणी दिसते, बाकीचं धूसर हाय. काय चाललं आहे?”

आम्हा प्रवचनकारांची एक जुनी युक्ती आहे. शृंगाराचा श्लोक आला, की पोथीवर हात ठेवून म्हणायचे, “पुढील वर्णन सुज्ञांनी जाणावे.” सवयीने तेच माझ्या तोंडून निघाले.

“मी सुज्ञ नाई,” सुमती म्हणाली. “सांगा.”

मुलेही वळून पाहू लागली. देवीच्या रूपाचे नखशिखान्त वर्णन मी हजार वेळा केले असेल. तेव्हा कधी जीभ अडखळली नव्हती. मी पडद्याकडे पाहिले, बहुधा प्रथमच. मग सांगू लागलो: तिने केस सोडले आहेत, खांद्यावर पाण्याचे थेंब आहेत आणि प्रत्येक थेंबात ऊन आहे, तो तिला स्पर्श करण्यापूर्वी थांबला आहे, तिच्या डोळ्यांत अनुमती शोधतो आहे, ती हसली आहे. शृंगाराला रसराज का म्हटले, हे मी शिष्यांना चाळीस वर्षे समजावले होते. मला ते त्या माडीवर उमगले.

कोणी शिट्टी वाजवली नाही. एक मुलगा तेवढा पुटपुटला, “याच्यासाठी काऊन बोंबलले होते लोक? मोबाईलवरच्या जाहिरातीत याच्याहून जास्त असते.” शेजारची मुलगी म्हणाली, “पण जाहिरातीत कोणी विचारून हात लावते का?”

पुढे सुतार शहरात निघून जातो. गाव तिच्या नावेत पाऊल टाकीत नाही. हिवाळा सरतो, बर्फ वितळते, आणि तिची निंदा करणाऱ्या धर्मोपदेशकालाच पैलतीरी जाणे भाग पडते. तो काठावर बराच वेळ उभा राहतो; मग नावेत बसतो आणि दुसरे वल्हे हाती घेतो. तेथेच चित्रपट संपतो.

दिवे लागल्यावर सुमतीने विचारले, “म्हंजे बसला तो तिच्या नावेत?”

“बसला.”

“तुम्ही बी बसले. पण पन्नास वर्षं लावले.”

तिसऱ्या दिवशी हिंगणीमार्गे बोर धरण पाहिले. वर्ध्याहून ऑटो ठरवून घ्यावी. परतीचे वाहन आयत्या वेळी मिळत नाही. काठावर सुमतीने पाण्यात पाय सोडले आणि विचारले, “सांगा.” मी सांगितले: पलीकडे सागाची रांग, दगडावर एक बगळा, आणि तुझ्या पैंजणापर्यंत आलेले पाणी. “पैंजण कोणते?” ती म्हणाली. “सुनेले देऊन दहा वर्षं झाले.” “मला दिसले,” मी म्हणालो. ती लाजली. हे लिहू की नको, असा विचार केला, लिहिले.

नाशिकला परतून महिना झाला. वर्ध्याहून आणलेल्या गोरसपाक बिस्किटांचा डबा संपला. सुमतीची नजर आणखी थोडी आकसली आहे. गेल्या गुरुवारी प्रवचनात शृंगाराचा श्लोक आला. हात सवयीने पोथीकडे गेला. पहिल्या रांगेत सुमती बसली होती, मान किंचित वर करून, ऐकण्यासाठी. मी हात मागे घेतला आणि तो श्लोक अथपासून इतिपर्यंत सांगितला.