दाजींचा घुमणारा हॉल

आमच्या दाजींइतका तिखट कानाचा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नसेल, आणि समोरच्याचं एक अक्षर ऐकून न घेणाराही दुसरा झाला नसेल. हे दोन्ही गुण एकाच डोक्यात कसे नांदत होते, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. पणदऱ्याच्या आपल्या अंगणात बसून त्यांना शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटार ऐकू यायची. "आयका मास्तर, किरकिरतंय. दोन दिसांत बसतीय ती," असं ते मला म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी ती खरोखरच बसायची. पण माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या कानाशी उभी राहून तिसऱ्यांदा "अवो, जेवायला चला" म्हणाली, तर ते तिच्याकडे शांतपणे पाहून म्हणायचे, "तू हितं कोपऱ्यात उभी हायस नव्हं, म्हणून तुझा आवाज फुटतोय. जरा दाराकडं सरक बरं." अक्का सरकायची ती थेट स्वयंपाकघरात, आणि तिथून भांड्यांचा जो आवाज यायचा तो मात्र कुठेही न फुटता सगळ्या घराला स्वच्छ ऐकू जायचा.

हे वेड त्यांना नवं घर बांधल्यावर लागलं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. जुन्या घराच्या जागी स्लॅबचा बंगला उभा राहिला आणि त्यात दाजींनी लग्नाची पंगत बसेल एवढा हॉल काढला. खाली गुळगुळीत फरशी, चारी भिंतींना तेलकट चकचकीत रंग, आणि सामान म्हणून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. पाठोपाठ ते पुण्याला गेले आणि डेक, अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर जीपमध्ये घालून घेऊन आले. स्पीकरना वाटेत धक्का लागू नये म्हणून दाजी त्यांच्यामध्ये उभे राहून आले होते. घरी आल्याबरोबर पूजा झाली, कॅसेट लागली, आणि गाणारी बाई विहिरीत पडून मदतीसाठी हाका मारते आहे असं काहीतरी ऐकू येऊ लागलं. शब्द एकमेकांच्या पाठीवर चढत होते. तबला तर हॉलमध्ये वाजत नव्हताच, कोणीतरी वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढत होतं. घराला वरचा मजलाच नाही, असं अक्काने लक्षात आणून दिलं.

दाजी दुसऱ्याच दिवशी दुकानदाराशी भांडायला पुण्याला गेले आणि संध्याकाळच्या आत पूर्ण बदलून परत आले. दुकानदार त्यांना एवढंच म्हणाला होता की स्पीकर उत्तम आहेत, खोली वाईट आहे. वर त्याने एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. ती वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी इंदापूरला शाळेत भूगोल शिकवत होतो आणि दाजींच्या मते जो शिकवतो त्याला सगळंच आलं पाहिजे. आवाज सपाट भिंतीवर आपटून परत येतो, मऊ वस्तू त्याला शोषून घेतात, खडबडीत वस्तू त्याला विखुरतात, एवढं सांगायला मला चार रविवार लागले. प्रत्येक वाक्यानंतर दाजी उठून भिंतीला हात लावून यायचे, जणू तिला ताप आहे.

त्या पुस्तिकेत कुठेतरी लिहिलं होतं की खोलीची परीक्षा करायची तर एक टाळी वाजवून ऐकावं. ते वाक्य मी गाळायला हवं होतं. तेव्हापासून दाजी कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक खणखणीत टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे. सोसायटीच्या कचेरीत वाजवली, दवाखान्यात वाजवली. इंदापूरला माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ गेले तेव्हा दाजी योगायोगाने माझ्याकडे आले होते, म्हणून त्यांनाही भेटायला बरोबर नेलं. उंबरठ्यावर मला त्यांच्या हातांची हालचाल दिसली, मी मनगट धरायला गेलो, पण उशीर झाला. भरल्या खोलीत टाळी कडाडली. रडणारं माणूस रडायचं थांबलं. दाजी माझ्या कानात समाधानाने म्हणाले, "खोली बरी हाय. गाद्या लई टाकल्यात न्हवं." मी पुढचे पंधरा दिवस त्या घरासमोरून न जाता मागच्या गल्लीतून शाळेत जात होतो.

पाहुण्यांची तर धडगत नव्हती. दाजींच्या घरी तुम्हाला कुठे बसायला आवडेल याला काही किंमत नसे. तुम्ही कुठे बसलात तर आवाज सुधारेल, यावर तुमची जागा ठरे. आमचे एक जाडजूड मावसभाऊ आले की दाजींचा चेहरा खुलायचा. "तुमी त्या कोपऱ्यात बसा, तितं बास, म्हंजी खालचा घुमारा, लई साठतोय," असं म्हणून ते त्यांना स्पीकरच्या मागे खुर्ची देत. मी हडकुळा असल्यामुळे मला कुठेही बसायची मुभा होती, आणि त्याचा मला अपमानच वाटे.

अक्काची अट एकच होती. "भिंतीला काय लावायचं ते लावा, पर बघायला बरं दिसलं पायजे. माझ्या घरात बाया येत्यात." दाजींनी ही अट मनापासून मान्य केली, आणि तिथूनच खरा अनर्थ सुरू झाला. त्यांनी पिंपळीच्या एका पोल्ट्रीवरून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, आणि बरं दिसावं म्हणून एक गुलाबी, एक पोपटी असे रंगवून अख्खी भिंत भरून टाकली. उन्हं तापली तशी त्या भिंतीला कोंबड्यांची आठवण यायला लागली. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने अक्काला सरळ विचारलं, "अंडी कशी डझन देता वो?" ट्रे त्याच संध्याकाळी उकिरड्यावर गेले.

मग त्यांना पुस्तकं हवी झाली. "वाचायला न्हाय, लावायला," त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मी शाळेतली रद्दीत निघालेली दोन पोती पुस्तकं त्यांना दिली. त्यांनी सुताराकडून सुबक फळ्या करून घेतल्या आणि पुस्तकं मुद्दाम वेडीवाकडी रचली, एक आत, एक बाहेर, एक आडवं. मी एका दुपारी वेळ जात नव्हता म्हणून ती सगळी उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवली. मास्तरच्या हाताला दुसरं काय सुचणार? शेतातून आल्यावर दाजी हॉलच्या दारातच थबकले. त्यांनी अजून पुस्तकांकडे पाहिलंही नव्हतं. "कुणी हात लावला?" ते ओरडले. "आवाज सपाट झालाय!" त्यानंतर ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

आणि मग ते बगॅसचं प्रकरण झालं. उसाचा रस काढून उरलेला तो भुसा आवाज फार छान गिळतो, असा शोध त्यांना लागला. कारखान्यावरून पोती आणली, लाकडी चौकटींत भुसा दाबून भरला, आणि वर सुंदर दिसावं म्हणून कापड ताणून बसवलं. ते कापड म्हणजे आमच्या आईने अक्काला दिलेलं जांभळं इरकल होतं. दाजींनी ते कात्रीने सरळ रेषेत कापलं होतं, काठ वाया जाऊ नयेत म्हणून वेगळे घडी करून ठेवले होते, आणि या काटकसरीबद्दल त्यांना शाबासकी हवी होती. अक्का आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिला बोलावं लागलं, कारण भुशात राहिलेल्या गोडीचा वास लागून तांबड्या मुंग्यांच्या पलटणी छतापासून फरशीपर्यंत चालू लागल्या होत्या. "एक तर त्या मुंग्या ऱ्हातील न्हाय तर मी," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "मुंग्यांनी आवाजाला काय फरक पडत न्हाय." खरं सांगतो, मी त्या दिवशी अक्काला माहेरी न्यायला तयार होतो.

हे सगळं चालू असताना मी माझ्या भाचीसाठी, म्हणजे दाजींच्या मुलीसाठी, एक स्थळ आणलं होतं. सुनंदा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बोलणं अगदी हळू; लहानपणापासून तिचं वाक्य अर्ध्यावरच दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजाखाली सापडायचं. मुलगा वालचंदनगरला इंजिनियर, कॉलनीत क्वार्टर, माझ्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याचा पुतण्या. माझा शब्द त्यात गुंतला होता. अक्काने बजावून सांगितलं की पाहुणे यायच्या आत हॉलमधली सगळी थेरं निघाली पाहिजेत. त्याप्रमाणे चौकटी, फळ्या, पुस्तकं सगळं निघालं, फरशी घासून पुसून आरशासारखी झाली, आणि रविवारी सकाळी मुलगा, त्याचे वडील आणि आजी अशी तिघं त्या उघड्याबोडक्या हॉलमध्ये येऊन बसली.

आजींना कमी ऐकू यायचं. त्यात त्या हॉलमध्ये तोंडातून निघालेला शब्द चार भिंतींना नमस्कार करूनच परत यायचा. "काय शिकतीस, बाळ?" त्यांनी विचारलं. सुनंदा म्हणाली, "दुसऱ्या वर्षाला हाय." आजींचा चेहरा उतरला. "दुसरेपणाची हाय?" त्या मुलाच्या वडिलांना म्हणाल्या. "ह्ये आधी का न्हाय सांगितलं?" अक्का घाबरून ओरडली, "न्हाय वो, वर्षाला! वर्षाला!" मी उठून "कॉलेजच्या!" असं म्हणालो. मुलाचे वडील आपल्या आईला समजावायला ओरडले, दाजी आम्हा सगळ्यांना गप्प करायला ओरडले, आणि हे सगळे आवाज भिंतींवर आपटून एकमेकांत असे मिसळले की कुंपणाजवळून जाणारे दोघंजण भांडण सोडवायला दारात आले.

तेव्हा अक्का उठली. गेली दोन वर्षं दाजींच्या प्रत्येक खटाटोपाला शिव्या घालणारी माझी बहीण कमरेला पदर खोचून म्हणाली, "अवो, बघता काय? मामंजींची घोंगडी काढा."

दाजींच्या वडिलांची मेंढरं होती. त्या मेंढरांच्या लोकरीची, हातमागावर विणलेली काळी जाड घोंगडी अक्काने पेटीत कडुलिंबाचा पाला घालून जपून ठेवली होती, आणि दाजींनी इतके उपद्व्याप केले तरी त्या पेटीला कधी हात लावला नव्हता. त्यांनी बायकोकडे एकदा नीट पाहिलं आणि पेटी उघडली. दोन घोंगडी खुर्च्यांमागच्या भिंतीवर, एक समोरच्या भिंतीवर, दोन खाली अंथरली. मुलगी पाहायला आलेला मुलगा स्टूल धरून उभा राहिला. "समोरासमोरच्या भिंतींचं काम आहे हे," तो म्हणाला. दाजी इतके हरखले की खिळा तोंडात धरूनच "व्हय, व्हय!" म्हणाले. मी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसलो होतो.

सगळे पुन्हा बसले आणि मला एकदम कान मोकळे झाल्यासारखं वाटलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आजी पुढे झुकून साध्या आवाजात म्हणाल्या, "आता सांग बाळ. तुझ्या मनात काय हाय?"

सुनंदा नेहमीसारखीच हळू बोलली. "मला एवढ्यात लग्न न्हाय करायचं. मला शेवटचं वर्ष करायचंय, आन् पुढं पुण्याला जाऊन शिकायचंय."

ते सगळ्यांना ऐकू गेलं, आजींनासुद्धा. मी घाईघाईने म्हणालो, "तिला तसं म्हणायचं नाही, ती जरा..."

"मास्तर, गप बसा," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "नीट आयकू आलंय मला. किती दिसांपासून म्हनतीयस, पोरी?"

"वर्ष झालं, दादा," ती म्हणाली.

खिशातून रुमाल काढून दाजींनी हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं. आजींनीच मग उठून सुनंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमच्या पोराचं वय झालंय, आमाला थांबता यायचं न्हाय. पर तू शिक," त्या म्हणाल्या आणि चहा घेऊन मंडळी निघून गेली. मुलगा जाताना घोंगड्याकडे वळून पाहत गेला.

मी भयंकर चिडलो होतो. सहकाऱ्याला तोंड कसं दाखवू, हा एकच विचार डोक्यात होता. दाजींना मी त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि नंतर चार महिने मी पणदऱ्याकडे फिरकलो नाही. मधल्या काळात अक्काने त्या घोंगड्यांना मागून अस्तर लावलं, कडेने इरकलीचे राहिलेले काठ शिवले, आणि ती भिंतीवर अशी बसवली की बारामतीहून लोक नुसते बघायला येऊ लागले. पुढच्या वर्षी सुनंदाचं शेवटचं वर्ष झालं, पहिला वर्ग मिळाला, आणि ती पुण्याच्या वसतिगृहात राहायला गेली.

त्यानंतर पावसाळा संपता संपता मी एकदा गेलो. अक्का शेजारी गेली होती. दाजी हॉलमध्ये एकटेच बसले होते आणि डेक बंद होता. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "का हो, बिघडला काय?"

"न्हाय. आता हॉल एकदम झ्याक झालाय," ते म्हणाले. "पर मास्तर, आता सगळंच आयकू येतंय. पाल चुकचुकल्याली, फ्रीज सुरू झाल्याला. सुनी हितं बसून पुस्तकाची पानं उलटायची न्हवं, तवा ध्यानात यायचं न्हाय. आता त्ये नसल्यालंबी आयकू येतं."

मला तीनच्या एसटीने इंदापूरला परतायचं होतं. फाट्यावरून तिचा हॉर्न आलेला मलाही स्पष्ट ऐकू आला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी पाय वर घेऊन बसलो. मग आम्ही बोलत राहिलो, विशेष असं काही नाही, उसाची तोड कधी लागणार, सुनंदाच्या वसतिगृहात जेवण कसं असतं, असलंच काहीबाही. पण त्या दुपारी दाजींनी मला एकदाही मध्येच तोडलं नाही.