अनसिंग रोडवरचं सोयाबीन आणि दोन स्पोर्ट्स कार

मंडळी, आज वाशीमला दोन सेकंडहँड स्पोर्ट्स कार पाहून आलो. मॉडेल एकच. एक साधी, दुसरी जास्त पॉवरची आणि जमिनीला टेकलेली. एजंट म्हणे, "भाऊ, पॉवरवालीच घ्या. साधी कायले घेता?"

आधी पॉवरवाली चालवून बघायला अनसिंग रोडला लागलो, एजंट शेजारी. पुढे अर्ध्या रस्त्यावर शेंगांसकट सोयाबीन पसरलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली आपोआप मळणी होते ना! समोरून ट्रक आला म्हणून गाडी त्यावर घातली. बंपरनं अर्धा ढीग पुढे ढकलत नेला.

राखणीला बसलेल्या आजी ओरडल्या, "अरे बाबू, माह्यं सोयाबीन घेऊन कुठी चालला?"

मग मी आणि पांढऱ्या शर्टातला एजंट, दोघंही रस्त्यावर बसून बंपरच्या जाळीत अडकलेल्या शेंगा काढत होतो.

नंतर साधी आणली. ती त्याच सोयाबीनवरून आरामात गेली. आजी खूश. "हे गाडी बरी हाये. अजून दोन चकरा मार."

परत येऊन मी पॉवरवालीलाच हो म्हटलं.

आता घरी बसून विचार करतोय. त्या रस्त्यावर दोन्ही गाड्या वीसच्या वर गेल्याच नाहीत. तुम्ही कोणती घेतली असती? आणि खरं सांगा, चालवायला की दाखवायला?