मास्तरांनी सोडलेली ओळ

केटाच्या खाडीकाठी माणूस गेला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, त्याच्या आयुष्याची पुस्तिका छापायची, गुळगुळीत कागदावर, फोटोबिटो घालून. आणि दोन, ती भर मांडवात डोत्से मास्तरांनी वाचायची. एकतीस वर्षं हे असंच चाललं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज कसला निवृत्त होतोय! दुसऱ्या कुणी वाचलं तर म्हाताऱ्या कुरकुरायच्या, "अर्धाच पोचवला की हो बिचाऱ्याला!"

वाचताना मुलांची नावं आली की एकेक मूल खुर्चीतून उठून उभं राहतं. साऱ्या गावाने बघायचं असतं, हे याचं लेकरू. कागदावर काय छापलंय त्याला आमच्याकडे फारसं कुणी विचारत नाही. मांडवात नाव उच्चारलं गेलं आणि तू उभी राहिलीस, की झालीस तू त्याची.

गेल्या वर्षी बोटी बांधणारे अग्बेको वारले. त्यांची मोठ्या घरातली सहा मुलं, आणि खाडीपलीकडच्या बाईपासून झालेली सातवी, एन्योनाम. मोठ्या घराशी भांडून भांडून तिने आपलं नाव पुस्तिकेत घालून घेतलं होतं. मास्तरांनी सहा नावं वाचली, सहाजण उभे राहिले. एन्योनाम लुगडं सावरून खुर्चीतून अर्धी उठली. आणि मास्तर म्हणाले, "नातवंडं एकोणीस."

ती तशीच खाली बसली. तीनशे माणसांच्या हातात तीच पुस्तिका होती हो! सगळ्यांनी ती ओळ वाचली होती, एक मास्तर सोडून.

घरी आल्यावर अब्लाने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मक्याच्या पिठाचं अकप्ले आणि मासळीचं कालवण पुढ्यात आदळलं. "त्या पोरीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

अब्लाला अक्षर येत नाही, पण अर्धं उठून खाली बसणारं माणूस तिला बरोबर दिसतं. तिने सगळं सांगितलं तेव्हा कुठे मास्तरांना ते कळलं. ओळ त्यांनी सोडली नव्हती. त्यांना ती दिसलीच नव्हती. दोन वर्षं डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता आणि मास्तर निम्मं डोळ्यांनी, निम्मं पाठांतराने निभावून नेत होते. चष्म्याने काही होणार नाही, असं दवाखान्यातल्या बाईंनी केव्हाच सांगितलं होतं.

आता सरळ खाडी ओलांडायची आणि त्या मुलीला सांगायचं, चुकलो गं बाई, दिसलं नाही. पण नाही! मास्तर ना ते! ज्याने गावाला वाचायला शिकवलं त्याने मला वाचता येत नाही म्हणायचं, ते कसं म्हणायचं? त्यांनी वाचन सोडलं एवढंच जाहीर केलं आणि कांद्याच्या वाफ्यात जाऊन बसले. गावाने काय ते समजून घेतलं: मोठ्या घराने मास्तरांना आधीच पढवून ठेवलं होतं. एन्योनामनेही तेच समजून घेतलं. ही गोष्ट मास्तरांना रोज जेवताना टोचायची, आणि तरी ते गेले नाहीत. खोटं कशाला बोला, चूक त्यांचीच होती.

अशात वाचनालयाची सेलोर्म एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "तोग्बे," ती म्हणाली. आजोबांना आम्ही तसंच म्हणतो. "वाचनालयासाठी वाचायची यंत्रं घ्यायचीत. तीन नमुने आलेत. तुम्ही हाताळा आणि कसं वाटतं ते सांगा. मी लिहून घेते."

"मला कशाला? शाळेतल्या पोरांना दे."

"पोरं काहीही दिलं तरी छान म्हणतात. मला खोट काढणारा माणूस हवाय. तुमच्याइतका खवट गावात दुसरा कोण आहे?"

अब्ला आतून खो-खो हसली. "अगदी योग्य घरी आलीस बाई!"

पहिलं होतं चकचकीत टॅब्लेट. रंग काय, चित्रं काय! मास्तरांनी ते अंगणात नेलं आणि त्यात त्यांना फक्त स्वतःचं थोबाड दिसलं. "लिही," ते म्हणाले, "दाढी करायला उत्तम. उन्हात पुस्तक गायब, म्हातारा हजर. शिवाय मांडीवर ठेवलं की चटके बसतात." पडून वाचताना ते नाकावर आपटलं, तेही त्यांनी लिहायला लावलं.

दुसरं राखाडी कागदासारखं. उन्हात लख्ख दिसायचं, वजनाला हलकं. पण पान उलटायला काचेवर बोट फिरवायचं, आणि मास्तरांची बोटं वाळूत कांदे लावून लावून खरखरीत झालेली. त्यांनी दहादा बोट फिरवलं. यंत्र ढिम्म.

"मी मेलोय असं समजतंय ते," मास्तर म्हणाले.

अब्लाने आपलं ओलं बोट नुसतं टेकवलं आणि पान उलटलं. "बघा! मी जिवंत आहे."

तिसरंही तसंच राखाडी, पण कडेला दोन बटणं होती, खरीखुरी, दाबली की टकटकणारी. मास्तरांनी खोट काढलीच. वास नाही. किती वाचलं आणि किती उरलं ते अंगठ्याला कळत नाही. पान उलटताना क्षणभर सगळं काळं होतं, मग पुन्हा उजळतं. हे कसलं वागणं? सेलोर्म लिहीत होती. लिहिता लिहिता तिने यंत्र मागून घेतलं, काहीतरी दाबलं आणि परत दिलं. "आता बघा."

अक्षरं मोठी झाली होती. तिने आणखी मोठी केली, मग आणखी. शेवटी एका पानावर दोन-चारच शब्द मावले, अंगठ्याएवढाल्या अक्षरांचे. मास्तरांनी यंत्र जवळ धरलं. मग त्यांनी ते शब्द मोठ्याने वाचले. बटण दाबून पुढचे वाचले. त्याच्या पुढचे.

अब्ला दारात येऊन बसली. वर्षभराने नवऱ्याचा तो आवाज ऐकत होती ती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "खोट काढा ना आता!"

"लिही," मास्तर म्हणाले. "बरं आहे म्हणावं."

तीन आठवड्यांनी एन्योनाम आली. तिची आई वारली होती.

ती बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "शनिवारी आईचा मांडव आहे. तुम्ही वाचायचं. माझं नाव तुम्ही गाळलंत, आता सगळ्यांसमोर तुम्हीच घ्यायचं. मोठ्या घराने काय सांगितलंय ते मला ऐकायचं नाही."

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं गं," मास्तर म्हणाले. एवढं बोलायला त्यांना एक वर्ष लागलं होतं. "मला दिसलं नाही. मला दिसत नाही, एन्योनाम. तेव्हाच यायला हवं होतं मी. लाजेपोटी आलो नाही."

ती अब्लाने पुढे केलेल्या चौरंगावर बसली आणि रडली. मोठ्या घराने तिचा काटा काढला असं वर्षभर उराशी धरून बसली होती बिचारी.

"आता दिसतं का?" तिने शेवटी विचारलं.

"या यंत्रात दिसतं. पण एका वेळी दोन-चारच शब्द. वेळ लागेल."

"लागू दे. आईला आता कुठे घाई आहे?"

छापखान्यातून पुस्तिकेचा मजकूर आणून सेलोर्मने यंत्रात भरला. शनिवारी मास्तर माईकपुढे उभे राहिले तेव्हा कुजबूज झालीच. एक म्हातारा तर उघडच म्हणाला, "मेलेल्या बाईला फोनवरून निरोप देतात की काय!" मागच्या रांगेत मोठ्या घरातला थोरला मुलगा रीतीपुरता येऊन बसला होता. ऊन थेट तोंडावर येत होतं. मास्तरांनी यंत्र उंच धरलं आणि वाचायला लागले.

चार शब्द, टक. चार शब्द, टक. प्रत्येक बटणागणिक क्षणभराची शांतता, आणि त्या शांततेत आधी जे वाचलं ते माणसांना ऐकू यायचं. बाईने खाडीतून किती मीठ वेचलं, किती पोरांना दूध पाजलं, सगळं. हळूहळू लोकांनी हातातल्या पुस्तिका मिटून मांडीवर ठेवल्या.

"बोटी बांधणारे अग्बेको यांचं," मास्तरांनी वाचलं. टक. "सातवं लेकरू."

टक. पान काळं झालं, उजळलं. त्यावर एकच शब्द होता, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत.

"एन्योनाम," मास्तर म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी त्या दिशेने बघितलं, पण तिथे त्यांना नुसतं ऊन दिसत होतं. त्यांचा अंगठा बटणावर तसाच थांबला. ती उठली की पुन्हा अर्ध्यावरच राहिली, ते कळेना.

पहिल्या रांगेतून अब्लाने साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "उभी राहिली हो, मास्तर. पूर्ण उभी राहिली."