टाकीला पाजलेली आंबील

आमच्या गॅसच्या टाकीचं पोट मी बिघडवलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझी सून रेखा लातुरात क्लासच्या बारा मुलींची खानावळ चालवते. खरकटं, भाजीची देठं, साली सगळं अंगणातल्या टाकीत जातं. ते आत कुजतं, गॅस होतो, वरचं रबरी झाकण फुगून वर येतं आणि त्या गॅसवर आमचा निम्मा स्वयंपाक होतो, उरलेला सिलिंडरवर. टाकीला रोज एकच बादली घाला, असं बसवणाऱ्यानं बजावलं होतं. पण तो पडला कालचा पोरगा आणि मी चार लेकरं वाढवलेली. खाऊ घालण्यातलं तो मला काय शिकवणार?

मग येळवस आली. (त्या दिवशी आमच्याकडं सगळे शेतात जाऊन जेवतात आणि निम्मी आंबील परत घरी आणतात.) दुसऱ्या दिवशी समोरची कमल उरलेली आंबील घेऊन नालीकडं निघाली.

"नालीत कशाला? आण हिकडं. आमची टाकी खाती."

"लई आंबट झालीय, मावशी."

"तिला काय दात हायत आंबायला?"

कमलच्या मागं आणखी पाच घरच्या बादल्या आल्या. मी सगळ्या ओतल्या. वर टाकीला 'पी बाई' म्हणाले.

संध्याकाळी रेखा म्हणाली, "आत्याबाई, सिलिंडर संपलाय. नंबर लावते."

"कशाला? उद्या बघ किती गॅस येतो ते."

सकाळी झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं. मी कमलला बोलावून ते दाखवलंसुद्धा. मग शेगडीला काडी लावली. फुस्स. दुसरी लावली. फुस्स. अर्धी पेटी संपली. गॅस येत होता, पण जळत नव्हता. वास मात्र घरभर.

"टाकीत काय घातलंत?" रेखानं विचारलं.

"थोडी आंबील."

"थोडी म्हंजे?"

"सहा बादल्या."

दहाला मुलींची परीक्षा, नऊला ताटं वाढायची. त्यातल्या दोघी आधीच दुसरी खानावळ बघून आलेल्या. त्या दिवशी मुली उपाशी गेल्या असत्या, तर खानावळच गेली असती. मी शिव्या खायला तयार होऊन उभी राहिले. रेखानं नुसती माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बोलली ती कमल. "आंबील आमची, मग सैपाक बी आमच्याच शेगडीवर. आणा ती डाळ."

डाळ तिच्याकडं गेली, तांदूळ शेजारच्या दोन घरी, पीठ पलीकडच्या तीन घरी. ज्या सहा घरच्या बादल्या, त्याच सहा घरी शेगड्या पेटल्या. रेखानं टाकीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आंबटानं टाकी बिघडली की नुसती न जळणारी हवा होते, आता पंधरा दिवस शेणकाल्याशिवाय काही घालू नका. म्हणून मला शेण आणायला पाठवलं. मी मुकाट्यानं गेले. सहा घरांचे उपकार डोक्यावर असल्यावर शेणाची पाटी जड लागत नाही.

परतले तर नऊला पाच मिनिटं कमी आणि बाराही ताटं वाढलेली. दुसरी खानावळ बघून आलेल्या दोघींनी तर आमटी दोनदा मागून घेतली.

"काकू, आजची आमटी लई भारी झालीय," त्यातली एक रेखाला म्हणाली. "अशीच करत जा. आम्ही कुठं जात न्हाई."

रेखा तोंडाला पदर लावून आत पळाली. रोजची आमटी मी करते.