गोदाबाईंची बंद ओसरी

गोदाबाई गेल्याची बातमी मला पांढुर्ण्याच्या बाजारात कळली. आमच्या जुन्या गावाकडचा एक संत्रेवाला पाट्या उतरवता उतरवता म्हणाला, "बाई, तुमच्या त्या गोदाबाई गेल्या ना जी परवा. तापाचं निमित्त झालं." हातातली पिशवी मी तिथेच ठेवली आणि त्याच्या रिकाम्या पाटीवर बसले. तो बिचारा गोंधळून गेला. त्याला वाटलं होतं, मला ठाऊक असेल.

आता महिना होत आला. इतक्या दिवसांत रडून मोकळं व्हायला हवं होतं, पण मला राग येतो आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढतोच आहे. शोकसभेला मी गेले होते. गावातली झाडून सगळी मोठी माणसं बोलली. कोणी त्यांना त्यागमूर्ती केलं, कोणी माउली. एका गृहस्थांनी तर सांगितलं की, गोदाबाईंनी एक पैसा न घेता आपल्या ओसरीवर मुलींची शाळा चालवली, आणि अशी एकेक गोदाबाई गावोगाव निघाली तर सरकारला शाळांवर खर्चच करावा लागणार नाही. टाळ्या पडल्या! मी उठणार होते, शेजारच्या बाईने पदर ओढून खाली बसवलं. गोदाबाईंनी ती ओसरी मरायच्या आधी स्वतःच्या हाताने बंद केली होती, हे त्या सभेत एकानेही सांगितलं नाही. म्हणून मला लिहावं लागतं आहे.

मोहगाव आणि सौसर यांच्यामधलं आमचं गाव. गोदाबाई तिथल्या मुलींच्या मराठी शाळेत आल्या तेव्हा इंग्रज अजून जायचे होते. ऐन तारुण्यात वैधव्य आलेलं, माहेर नागपूरचं, शिक्षण तिथेच झालेलं. मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले ती स्वातंत्र्यानंतर. तोवर त्यांनी घरोघर फिरून वर्ग भरवला होता. शेतकऱ्यांच्या मुली, कोष्ट्यांच्या मुली, वेशीपलीकडच्या वस्तीतल्या मुली, सगळ्या एका सतरंजीवर. बाप कुरकुरला की बाई एवढंच म्हणत, "मी बसली हाये ना तिथं? मंग?" त्या एका वाक्यावर बाप मुलगी पाठवत. शाळेत बाई आहे, हाच त्यांचा भरवसा होता. कापूस वेचायचे दिवस आले की बाई उजाडता उजाडता शाळा उघडत, म्हणजे ऊन चढायच्या आत मुली वेचणीला पोचत. आयांची तक्रार राहत नसे, मुलींचे धडेही चुकत नसत.

मग छप्पन साल आलं. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर एका राज्यात गेलं, आम्ही दुसऱ्या, हिंदी राज्यात राहिलो. कालपर्यंत ज्या शहरात आमची कचेरी, आमचं माहेर, आमचा दवाखाना, ते आता परराज्य! नोकरीतल्या लोकांना विचारणा झाली, इकडे की तिकडे? आमच्या मुख्याध्यापिका तिकडे गेल्या, आणखी दोघी गेल्या. त्यांना दोष देत नाही, आपल्या माणसांत कोणाला जावंसं वाटणार नाही? गोदाबाईंचे भाऊ त्यांना न्यायला आले होते. बाईंनी त्यांना जेवू घातलं आणि सांगितलं, "दादा, मी गेली तं ह्या पोरी घरी बसतीन." आम्ही दोघी उरलो आणि वर्ग पाच. रिकाम्या जागा लवकरच भरू, असं वरून कळवलं गेलं. शिक्षिका काही आली नाही. पाटी मात्र आली, नवी, निळ्या रंगाची, ठळक अक्षरांत हिंदीत 'कन्या शाला' लिहिलेली. ती ठोकायला दोन माणसं आली होती, त्यांचा भत्ता सरकारने दिला. शिकवायला माणूस द्यायला मात्र पैसा नव्हता.

त्यानंतर शाळा तपासायला शिक्षण खात्याचे एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता, मुलींसाठी पेढे घेऊन आला होता. घाटाच्या वरच्या, हिंदी भागातला, मराठीचा गंध नाही. वर्गात शिरून त्यांनी प्रेमाने विचारलं, "बेटियो, हिंदी समझती हो?" मुली उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "जी, समझते हैं।" साहेब खूश. त्यांनी कमला नावाच्या कोष्ट्याच्या मुलीला पुढे बोलावलं, गावाबद्दल, शेताबद्दल विचारलं. तिने न अडखळता हिंदीत सांगितलं. आमच्याकडची ही रीत आहे. हिंदी बोलणारा माणूस आला की भाजीवाली हिंदीत भाव सांगते, देवळातला पुजारी हिंदीत प्रसाद देतो. पाहुण्याला त्याच्या बोलीत उत्तर द्यावं, त्याला अवघडू देऊ नये, ही आमच्या मुलखाची माणुसकी. गोदाबाईंनी मुलींना तेच वळण लावलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली, पेढे वाटले, आणि वर जाऊन कळवलं की या मुलींना हिंदी उत्तम येते, तेव्हा इथे मराठीच्या शिक्षिकांची गरज नाही.

दुसरं काही कारण नव्हतं, एवढंच! बाजारात दोन वाक्यं बोलता येणं वेगळं आणि गणित, इतिहास त्या भाषेत शिकणं वेगळं, हे शिक्षण खात्याच्या माणसाला कळू नये? की कळून घ्यायचंच नव्हतं? मुलींच्या सौजन्याचा असा मोबदला मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. कमला तर रडून रडून अर्धी झाली. बाईंनी तिला जवळ घेतलं. "तुवं काही चुकलं नाही माय," त्या म्हणाल्या, "पाहुण्यासंग तू बरोब्बर वागली. पाहुनाच चुकला." एवढं बोलून त्यांनी तिला तोंड धुवायला पाठवलं.

मला पांढुर्ण्याच्या मुलांच्या शाळेत टाकलं. गोदाबाईंना घाटावर पाठवायचा हुकूम आला, जिथे मराठी कोणी बोलत नाही अशा शाळेत. मराठी शिकवणारी बाई तिथे कोणाला काय शिकवणार होती? बाईंनी राजीनामा दिला. आमच्या जागी एक गुरुजी आले, भला माणूस, हिंदीतून शिकवणारा. त्याचा काय दोष? पण बाई गेली आणि भरवसा गेला. आधी मोठ्या मुली घरी बसल्या, मग त्यांच्या पाठच्या बहिणी, मग वस्तीतल्या मुलींना तर कोणी विचारलंच नाही. आणि पट घसरला तेव्हा कचेरीने काय म्हणावं? मुलीच येत नाहीत, मग शिक्षिका कशाला हवी! आपणच विहीर बुजवायची आणि वर सांगायचं, इथे कोणी पाणी भरायला येत नाही.

तेव्हा गोदाबाईंनी ओसरी झाडली. भिंतीचा एक भाग काजळीने काळा केला, खडू आणले आणि मुली हळूहळू परत आल्या. मी सुटीच्या दिवशी पांढुर्ण्याहून जाऊन हातभार लावत असे. वर्ष गेलं, दुसरं सरलं. मुली शिकत होत्या, पण शाळेचा दाखला कोण देणार? परीक्षेला कोण बसवणार? शेवटी मी तीन-चार पालकांना घेऊन वरच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूने पान जमवत आम्हाला ऐकवलं, "वहाँ तो सब ठीक चल रहा है। बाईजी पढ़ा रही हैं ना? फिर पोस्ट किसलिए?"

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं तेव्हा गोदाबाई तुरी पाखडत होत्या. सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे सुमन, मीच आडवी येऊन राहिली पोरीईच्या."

"असं कसं म्हणता, बाई?"

"मंग काय म्हनू? मी फुकट शिकवून राहिली म्हनून त्यायले सोपं होऊन राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीला दार बसवून घेतलं. मुली दप्तरं घेऊन आल्या, तर बाईंनी त्यांना बाहेरच सांगितलं की आजपासून इथे शाळा नाही, आपापल्या बापाला कचेरीत पाठवा. गाव खवळलं. काल ज्यांनी माउली म्हटलं तेच म्हातारी चळली म्हणू लागले. पैसे मागायचा हा डाव असल्याचंही कोणी पसरवलं. कचेरीपर्यंत जायला कोणालाच सवड नव्हती, बाईंच्या दाराशी येऊन भांडायला मात्र होती. मुली काही दिवस पायऱ्यांवर येऊन बसत. मी एकदा म्हणाले, "बाई, पोरी रडून राहिल्या." त्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. "मले आयकू येते," त्या म्हणाल्या. आयुष्यभर दारोदार फिरून ज्यांनी मुली गोळा केल्या, त्यांना त्याच मुलींवर दार लावून बसताना काय होत असेल, ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं आहे. त्या दुखण्याला त्याग म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग येतो. गोदाबाईंना हार नको होता, त्यांना शिक्षिकेची एक मंजूर जागा हवी होती. ती आजही मिळालेली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या भावाने घर आवरायला मला बोलावलं. मी एकटीच ओसरीत उभी होते. काळ्या भिंतीवर त्यांच्या हातचा भागाकार अजून होता, अर्धाच सोडवलेला. पुसायला धीर झाला नाही. तेवढ्यात पायऱ्यांशी पावलं वाजली. कमलाचे वडील आणि आणखी सात-आठ जण, सोबत मुली.

"सुमनबाई," कमलाचे वडील हात जोडून म्हणाले, "आता तुमीच चालवा जी हे. पोरीईचं नुकसान होऊन राहिलं."

मुली माझ्याकडे पाहत होत्या. खरं सांगते, त्या क्षणी खडू उचलावासा वाटला. आत बोलावून तो भागाकार पुरा करून घ्यावा, दुसरं काही सुचत नव्हतं... नुकसान होत होतंच. उद्याही होणार होतं.

मी बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"चला," मी म्हणाले. "बस यायची हाये. सगळे चला, पोरीईले बी घ्या."

"आन सायेब भेटलेच नाई तं?"

"तं बसू तिथंच. त्यायच्या कचेरीले बी ओसरी हाये."