आप्पांना हात लावायचा नाही

आमच्या समोरच्या दारातली बाई गाडी चालवायला शिकवते. सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणतात. अर्ध्या गावाला तिने रस्त्यावर आणलंय, चांगल्या अर्थाने.

तिचे वडील, आप्पा, रंगारी. जन्मभर शिडीवर उभं राहून लोकांची घरं रंगवली, कधी पाय घसरला नाही. आणि म्हातारपणी पडले कुठे, तर स्वतःच्या न्हाणीघरात, बादलीला अडखळून! खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायला लागा. आप्पा खुर्चीत बसले ते बसलेच.

खोटं कशाला बोलू, त्यात लेकीचाही हात होता. ती त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायची. "उठू नका आप्पा, मी आहे ना!" पाणी हातात, घास तोंडात. संडासला जायचं तर काखेत हात घालून उचलायचं. दोन शिकवण्यांच्या मध्ये गाडी खाली लावून धापा टाकत जिना चढायची, ती याच कामासाठी. आप्पांच्या पायांच्या काड्या झाल्या, वजन मात्र होतं तेवढंच.

शेवटी एका सकाळी त्यांना उचलताना तिच्या कमरेत अशी कळ गेली, की बाप खुर्चीत आणि लेक जमिनीवर. तिला उठवायला मला जावं लागलं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, "पुन्हा माणूस उचललात, तर तुम्हालाच उचलून आणावं लागेल."

तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. त्याचा फोन आला. "ताई, आप्पांना वृद्धाश्रमात ठेवू या. तिथे उचलायला माणसं असतात." माझं डोकंच फिरलं. फोनवरून काळजी करायला कंबर लागत नाही! पण त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं, हे जास्त झोंबलं. बहीणभावाचं भांडण होऊन शेवटी ठरलं, की तो महिनाअखेरीला येईल. तोवर आप्पा आपले आपण उठून संडासला जाऊन आले तर घरी राहतील, नाहीतर आश्रम. आप्पांनी सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

व्यायाम शिकवणारी बाई येऊन समजावून गेली. खुर्चीच्या कडेशी सरका, पावलं मागे घ्या, खुर्चीच्या हातांवर जोर द्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाका आणि उठा. कुणी ओढायचं नाही, कुणी उचलायचं नाही. सगळ्यांचं तोंडपाठ झालं. पण आप्पा जरा थरथरले, की लेकीचे हात पट्ट्यासकट त्यांच्या काखेत. आणि तिचे हात आले, की आप्पा अंग टाकून मोकळे.

त्याच दिवसांत मी तिच्याकडे गाडी शिकत होते. एकदा भर चौकात माझी गाडी बंद पडली. मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ. मी स्टिअरिंग सोडून ओरडले, "अगं, तू घे!" ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

"गाडी तुमच्या हातात आहे, काकू. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर आहे. करा सुरू."

केली. चौक ओलांडला, गाडी कडेला लावली आणि मग माझी जीभ सुटली. "माझ्यासारखीच्या हाती जीव देतेस, इथे तुझ्या कपाळावर आठी नाही. आणि बापाच्या बाबतीत तुला जरा दम धरवत नाही?"

तिला रडूच फुटलं. "पुन्हा पडले तर, काकू?"

"म्हणून तर तू शेजारी राहा. त्यांच्या जागी बसू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तिने आप्पांच्या कमरेला धरायला एक रुंद पट्टा बांधला आणि स्टूल घेऊन शेजारी बसली. हात मांडीवर. आप्पा अर्धे उठायचे, धपकन बसायचे.

"कसाई आहेस तू!"

"आहे. नाक पुढे."

मी दारातून बघायचे, माझाच जीव टांगणीला. पण मास्तरीणबाई हलली नाही. आणि एका दुपारी आप्पा उठले. पुरते उठले. झोकांडी सावरली, समोरच्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि गरजले, "हा रंग कुठल्या गाढवाने दिलाय?"

"तुम्हीच, आप्पा!"

मग वॉकर आला. न्हाणीघरात, संडासात भिंतीला धरायचे दांडे आले, दाराची आतली कडी निघाली.

महिनाअखेरीला भाऊ आला. येताना बापाचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊन आला. चहा होतो न होतो तोच आप्पा म्हणाले, "मला जायचंय." तो ताडकन उठला.

"आप्पांना हात लावायचा नाही!" मास्तरीणबाई अशी ओरडली, की तो होता तिथेच थिजला.

आप्पा सरकले, वाकले, उठले. वॉकर टेकत निघाले. लेक एक पाऊल मागे. संडासाच्या दाराशी त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर दार ओढून घेतलं.

ती, भाऊ आणि मी, तिघं बाहेर कान लावून. आत पाण्याचा आवाज झाला. मला राहवेना, मी टाळ्याच वाजवल्या.

"अजून झालेलं नाही!" आतून आवाज आला. "माणसाला या कामाला तरी शांतता द्या!"

आम्ही हसून हसून बेजार. भावाच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. आप्पा बाहेर आले, खुर्चीत बसले आणि त्याला म्हणाले, "मी घरीच राहणार. आता दर महिन्याला चार दिवस तू इथे यायचंस. हिची कंबर माझ्यापायी गेलीय."

"येतो, आप्पा."

मास्तरीणबाई आतल्या पलंगावर जरा टेकली, ती पट्ट्यासकट भरदुपारी झोपून गेली. भावाने आनंदाच्या भरात बायकोला फोन लावला आणि घर डोक्यावर घेतलं. आप्पांनी दोनदा हातवारे केले, त्याचं लक्षच नाही. तेव्हा म्हातारा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, वॉकर टेकत आतल्या खोलीपर्यंत गेला आणि तिचं दार हलकेच लोटून घेतलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "माझी पोरगी झोपलीय."