आक्काचं तांबडं आलवण

आक्का गेल्याचं माहेरच्या गड्याने दशाश्वमेधला माझ्या सासरी येऊन सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच टाकून गल्ल्यागल्ल्यांतून दुर्गाघाटापर्यंत जवळजवळ धावतच गेले. वाटेत रडू आलं नाही. राग मात्र आला, आणि इतक्या आठवड्यांनीही तो गेलेला नाही.

आक्का माझी आत्या. कोवळ्या वयात विधवा झाली, केशवपन झालं, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिला काशीला आणलं. तिचं मागणं एकच, रोज गंगास्नान घडावं. आपल्याकडच्या विधवांच्या रीतीने ती तांबडं आलवण नेसायची. ती घाटावर उतरली की इथल्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. आक्काला त्याचं केवढं कौतुक! "अगो, सोवळं कळतं हो त्यांना. मला बघून पायरी सोडतात." आम्हीही फुशारलो. त्यांच्यातल्या एकीशी तरी दोन शब्द बोलावेत, असं आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नाही. भय्यांच्या बायका म्हणजे पदरात तोंड लपवणाऱ्या अडाणी... तेवढ्यावर आमचं भागत होतं.

मग समोरच्या रामदेईचं मूल तापाने फणफणलं. आक्का तीर्थाची वाटी घेऊन तिच्या दारात गेली. मी मागेच होते. रामदेई किंचाळली, "खबरदार! भीतर मत आना, डायन!" डायन कशावरून, मी विचारलं. "मरद खा गई, मूड़ मुड़ाये है, अउर लाल पहिन के घूमत है! बेवा कहूँ लाल पहिनत है?"

इथे लाल सवाष्णीचं, विधवेचं पांढरं. इतकी वर्षं बायका बाजूला होत होत्या त्या भीतीने आणि किळसेने. आमच्यात विधवेचं वस्त्रच हे, असं मी परोपरीने सांगितलं. तिने कडी लावून घेतली. मूल वाचलं नाही. खापर आक्काच्या माथी फुटलं आणि घाटावर तिच्या अंगावर दगड आले. कोतवालीत कळवलं तर शिपाई हसला. इंग्रजाच्या राज्यात डायन नसतेच म्हणे, मग तक्रार कसली!

"दादा, मी पांढरं नेसते ना," आक्का म्हणाली.

दादा वेदशास्त्रसंपन्न. "त्या अडाण्यांसाठी आपण शास्त्र सोडायचं?" विषय संपला. तिच्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. आक्काने घाट सोडला. गंगा गल्लीच्या टोकाला, आणि ही मोरीत बसून अंगावर तांब्या ओतायची, "हर गंगे" म्हणत. उरलेलं सगळं आयुष्य असंच. खायचीही कमी कमी होत गेली. आम्ही आणि त्यांनी मिळून तिला मारलं, असं मी स्पष्टच लिहिते.

आईने तिला तिच्या आलवणातच गुंडाळलं. तिरडी निघाली, आम्ही बायका दारात उभ्या राहिलो. कुठल्याशा गावाहून यात्रेला आलेल्या अनोळखी बाया गल्लीत भिंतीशी अंग चोरून थांबल्या. त्यांनी तांबडं वस्त्र पाहिलं आणि हात जोडले. एकीने तर वाकून तिरडी गेलेल्या वाटेवरची धूळ कपाळाला लावली. "बड़ी भागवाली रहली," ती म्हणाली. "सुहागिन गइली."

समोर रामदेई उभी होती. तीही बोलली नाही, मीही नाही. खरं सांगितलं असतं, तर ते जोडलेले हात तिथल्या तिथे खाली आले असते.